खालचं झाकण

इंजिन बसलं, पण झाकण काही बसेना. नावेच्या पोटातून एक जाड तुळई आडवी गेली होती आणि झाकणाच्या दोन तुकड्यांतला खालचा नेमका तिच्यावर येऊन अडत होता. नावाडी सकाळपासून ओणवा होता. इंजिन बोटभर मागे घ्यावं तर पंख्याचा दांडा वाकडा जाई, पाचर मारून वर उचलावं तर पंखाच पाण्याबाहेर डोकं काढी. करून करून त्याची कंबर धरली आणि तोंडात शिव्या यायला लागल्या.

घाई होती. वरच्या अंगाचा पूल पुरात गेल्यापासून पलीकडच्या शेतांत जायला ही एकच नाव उरली होती, आणि तिचं जुनं एका सिलिंडरचं इंजिन नेमकं त्याच आठवड्यात मेलं. पलीकडे गवत पिकाच्या डोक्यावर गेलं होतं. निंदणाऱ्या बायका रोज काठावर येऊन नावेचं तोंड पाहून परत जात होत्या. शेजारच्या गावातला एक जण मोठी नाव आणून इथेच धंदा मांडणार, अशी बातमीही कानावर आली होती. म्हणून भंगारात निघालेल्या मोटारीचं हे इंजिन आणलं होतं.

"हे नाही बसवलं तर चालेल का?" नावाड्याने झाकण वर धरून विचारलं.

मिस्त्री काठावर बसून वाळूने हात घासत होता. "इंजिन त्याच्याशिवाय फिरतं," तो म्हणाला. "पण ते काही शोभेला दिलेलं नाही. आत पट्टा आहे. वॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ तो राखतो. त्याला बाहेरचं काही लागू नये म्हणून ते झाकण."

"बाहेरचं म्हणजे?"

"धूळ. खडा. एखादीचा पदर."

"नदीत धूळ कुठून येणार? आणि पदर सांभाळतील की बायका."

"मग तुळईला चार बोटं खाच पाड. बसेल झाकण."

नावाड्याचा बाप काठावर उभा राहून ऐकत होता. नाव त्याच्या हातची. तुळईही त्यानेच तासून बसवलेली. "तुळईला करवत लागली की नाव पोटातून उघडेल," म्हातारा म्हणाला. "मी आहे तोवर तरी नको."

प्रश्न मिटला. मिस्त्रीच्या उत्तरातलं 'फिरतं' तेवढं नावाड्याने घेतलं आणि 'पण'च्या पुढचं सोडून दिलं. कामाच्या घाईत माणूस असंच ऐकतो. खालचं झाकण नाही म्हणून वरचं खुळखुळायला लागलं, तेव्हा तेही काढलं. दोन्ही झाकणं घरी आली. त्यातलं एक खोलगट होतं, त्यात सुनेने कोंबड्यांना पाणी ठेवलं.

म्हातारा मात्र अस्वस्थ होता. जुन्या इंजिनात पट्टा नव्हता, दातेरी चाकं होती. ती तेलात बुडालेली असायची आणि झाकण जरा सैल झालं की तेल भळाभळा वाहायचं. झाकण म्हणजे तेल धरणारी वस्तू, एवढंच त्या घराला ठाऊक.

"झाकण नाही तर तेल राहणार कशात?" त्याने जेवताना लेकाला विचारलं.

"बाबा, यात तेल नसतंच. पट्टा कोरडाच चालतो."

"लोखंडावर कोरडा?"

"कोरडा. म्हणून तर म्हणतो, झाकणाचं एवढं काही अडलेलं नाही. धरायचंय काय त्याने?"

तेल नाही तर झाकण कशाला, इथवर बापलेकांचं जमलं. मुळात तेल का नाही, हे म्हाताऱ्याच्या गळी उतरलं नाही. त्याने घास चावता चावता मान हलवली.

सून कोरड्या मुलखातून आलेली. माहेरी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी, दोर सोडल्यावर भेटणारी गोष्ट. ती नावाड्याच्या घरात येऊन पडली आणि इतकी वर्षं झाली तरी तिला पोहता येत नव्हतं. तीही निंदायला पलीकडे जायची. नावेत चढली की पुढच्या टोकाला जाऊन बसायची, दोन्ही हातांनी काठ धरायची आणि उतरेपर्यंत सोडायची नाही. यावर घरात, नावेत, शेतात थट्टा चाले. बायकांची मुकादमीण तर रोज म्हणे, "अगं, नाव तू धरलीस म्हणून तरंगतेय. सोडू नकोस हं." सगळ्या हसत. तीही हसे, पण काठ सोडत नसे.

आधी तिला एकच भीती होती, बंधाऱ्याची. उताराच्या बाजूला थोड्याच अंतरावर जुना दगडी बंधारा होता. पूर असला की पाणी त्याच्यावरून पलीकडे कोसळे आणि त्याचा घोघो आवाज नावेत कायम ऐकू येई. आता दुसरी भीती आली. तो उघडा पट्टा. इंजिन चालू झालं की तो इतक्या वेगाने फिरे की फिरतोय हे कळतच नसे, जागच्या जागी उभा असल्यासारखा वाटे. तिला तेच भयंकर वाटे. ती पदर दोनदा खोचून घेई, वेणी आत घाली, आणि तरीही बसल्या जागेवरून तिची नजर तिकडेच.

"अहो, ते झाकून टाका ना," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. "गोणपाट तरी लावा."

"गोणपाट पट्ट्यात गेलं तर?" नावाडी म्हणाला. "तुला नदीची भीती, पट्ट्याची भीती. उद्या कोंबडीचीही वाटेल."

आपल्याला सगळ्याचीच भीती वाटते, तेव्हा आपल्या भीतीला किंमत नाही, हे तिला माहीत होतं.

पट्टा काही दिवस नीट चालला आणि मग वाजायला लागला. बारीक, चिवचिव असा आवाज. इंजिनात चिमणीने घर केलंय, असं मुकादमीण म्हणाली. नावाड्याने कान लावला, इकडचा नट आवळला, तिकडचा सैल केला आणि "होईल बंद" म्हणून सोडून दिलं. सुनेला मात्र त्या चिवचिवीने घाम फुटे.

एका सकाळी ती नावेत साठलेलं पाणी उपसायला लवकर गेली, तर म्हातारा इंजिनापाशी उकिडवा बसलेला. हातात लांब चोचीची तेलाची डबी. म्हाताऱ्याचे हात आता थरथरत. नाव चालवणं लेकाने त्याच्याकडून कधीच काढून घेतलं होतं. दोर गुंडाळणं गेलं, पैसे घेणं गेलं. यंत्राला तेल देणं तेवढं राहिलं होतं. तो डबीची चोच पट्ट्यावर धरून दुसऱ्या हाताने चाक जरा जरा फिरवत होता आणि पट्टा काळाभोर, ओला होत चालला होता.

"मामंजी, ह्यांना विचारलंत का?"

"त्याला काय विचारायचं? तो जन्मायच्या आधीपासून मी इंजिनाला तेल देतोय."

"ते जुनं होतं."

"यंत्र ते यंत्र. लोखंडाला तेल नको, असं कुठं असतं का? ऐकलंस ना, कसं रडतंय." त्याने डबी खाली ठेवली आणि धोतराला हात पुसले. "त्याला सांगू नकोस. म्हणेल, म्हाताऱ्याला काही उद्योग नाही. मग हीपण काढून घेईल."

त्या दिवशी पट्टा वाजला नाही. नाव गुपचूप पलीकडे गेली. सुनेला इतकं हायसं वाटलं की मुकादमिणीने चेष्टा केली तेव्हा तिने उलट उत्तर दिलं, आणि बायका चकित झाल्या. म्हाताऱ्याने इंजिनापाशी बसल्या बसल्या तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. तिला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस आहे ज्याला यातलं कळतं.

मग तो रोजच तेल देऊ लागला. ती पाणी उपसायला येई, तेव्हा काठावर कोणी येतंय का, यावर लक्ष ठेवी. दोघांचं हे एक छोटं गुपित झालं होतं आणि तिला त्याचं बरंही वाटत होतं.

पुढे एकदा पाणी उपसताना तिच्या डब्यात रबराचा एक तुकडा आला. नखाएवढा, काळा, दाढेसारखा. तिने तो बोटात धरून चोळला. हाताला चिकट लागला.

"मामंजी, हे काय?"

म्हाताऱ्याने तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. त्याला जवळचं धड दिसत नव्हतं. "कुणाच्या तरी चपलेचा असेल," तो म्हणाला आणि पाण्यात भिरकावून दिला.

तिच्या मनातून तो तुकडा गेला नाही. शेतात दिवसभर खुरपं चालवताना बोटांना तो चिकटपणा जाणवत राहिला. नवऱ्याला सांगावं तर तेलाचं सांगावं लागेल. तेलाचं सांगितलं तर म्हातारा घरी बसेल. आणि असेलही चपलेचाच. तिने स्वतःची समजूत घातली, जशी आपण सगळेच घालतो.

वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि नदी रातोरात चढली. सकाळी पाणी तांबडं, जड, मध्ये मध्ये फेसाचे गोळे आणि उपटलेली झुडपं घेऊन चाललं होतं. बंधाऱ्याचा आवाज काठावरच्या घरांपर्यंत येत होता. आज नको म्हणावं असं नावाड्याच्याही मनात आलं होतं. पण बायका खुरपी घेऊन उभ्या, मुकादमीण कमरेवर हात ठेवून म्हणतेय, "तू नाही नेलंस तर त्या मोठ्या नाववाल्याला निरोप धाडते." नावाड्याने दोर सोडला.

सून पुढच्या टोकाला बसली. काठ धरला. म्हातारा इंजिनापाशी, नावाडी मागे सुकाणूवर, मध्ये दाटीवाटीने बायका. इंजिन नीट चाललं होतं. पट्टा वाजत नव्हता. नदीच्या मधोमध प्रवाहाचा खरा जोर लागला, नाव तिरकी झाली, नावाड्याने इंजिनाला जोर दिला, आणि आतून खडखड असा आवाज आला. एकदाच. मग इंजिन थांबलं.

ती शांतता कोणाला आवडली नाही. आतापर्यंत इंजिनाच्या आवाजाखाली दबलेला बंधारा एकदम जवळ आल्यासारखा ऐकू आला.

नावाड्याने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण नेहमीपेक्षा हलकं, रिकामं फिरलं. पुन्हा फिरवली. तो वाकून बघायला लागला. पट्टा जागेवर होता. तुटलेला नव्हता. खालचं चाक मात्र त्याच्या आत नुसतंच फिरत होतं आणि पट्टा हलत नव्हता.

"काय झालं रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

नावाडी पट्ट्याकडेच बघत राहिला. सुनेने त्याचा चेहरा पाहिला. तिने नवऱ्याला चिडलेलं, थकलेलं, पडलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आजवर ती घाबरायची ती याच भरवशावर, की तो घाबरत नाही.

त्याने नांगर टाकला. दोर सरसर गेला, ताणला, नावेला हिसका बसला आणि नांगर घसरत चालला. बांबू पाण्यात घातला तो तळाला लागेना. वल्हं होतं, पण मोटारीचं इंजिन आल्यापासून ते अंगणात कपडे वाळवायच्या दोरीला टेकू म्हणून उभं होतं. एक बाई देवाचं नाव घेऊ लागली, दुसरी लेकराचं. कुणीतरी उभी राहिली तशी नाव कलली आणि काठावरून पाणी आत आलं.

"बसा सगळ्या!" मुकादमीण ओरडली. "जी उभी राहील तिला मीच ढकलीन. बसायच्या फळ्या काढा. हाणा पाणी. त्या काठाकडच्या झाडांकडं हाणा."

फळ्या निघाल्या. बायका गुडघ्यांवर बसून फळ्यांनी, घमेल्यांनी, उघड्या हातांनी पाणी मागे ओढू लागल्या. कुणी रडत होती, पण हात थांबले नव्हते. नाव जराशी काठाकडे वळली. बंधाऱ्याच्या अलीकडे पाण्यात अर्धी बुडालेली काटेरी झाडं होती. ती वेगाने जवळ येत होती आणि त्यांच्या पुढे पाण्याची सपाट कड दिसत होती. कडेपलीकडे काहीच दिसत नव्हतं.

पुढच्या टोकाला सून होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने नावेचा काठ सोडला आणि समोर आलेली फांदी दोन्ही हातांनी धरली. काटे तळव्यांत घुसले. नाव तिच्या खांद्यांना ओढू लागली. तिला वाटलं आता हात खांद्यातून निखळतील. "धरा," ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही. मागच्या बाईने तिची कंबर धरली, तिसरीने दुसरी फांदी, मग आणखी दोघींनी. नाव फिरली आणि मागचा भाग झाडांत घुसून अडकला. नावाड्याने पाण्यात उडी टाकून दोर खोडाला बांधला.

काठावरची माणसं दोर घेऊन येईपर्यंत कोणी फांदी सोडली नाही. सोडायची वेळ आली तेव्हा सुनेची बोटं उघडेनात. मुकादमिणीने ती एक एक करून उघडली, आणि त्या वेळी तिने काही चेष्टा केली नाही.

दुपारी नाव घराजवळच्या काठाला ओढून आणली. मिस्त्री आला. नावाडी, म्हातारा आणि तळव्यांना फडकी गुंडाळलेली सून काठावर बसून बघत होते. मिस्त्रीने पट्टा काढला, उलटा केला. आतल्या बाजूचे दाते बऱ्याच ठिकाणी निघून गेले होते. जे होते ते फुगून मऊ झालेले, नखाने टोकरलं तरी निघत. त्याने पट्टा नाकाजवळ नेला.

"ह्याला तेल कुणी घातलं?"

त्याने पट्टा तिघांपुढे धरला.

"रबर आहे हे. तेलात रबर कुजतं. कुणीतरी चांगलं रोजच्या रोज पाजलंय." मिस्त्रीने नावाड्याकडे पाहिलं. "दाते गेले, मेळ सुटला, पिस्टन वॉल्व्हवर आपटले. वाकलेत सगळे. एवढी माणसं बुडाली असती. कुणी घातलं?"

नावाडी उठून उभा राहिला. "कुणी घातलं?" त्यानेही विचारलं.

सून म्हाताऱ्याकडे बघणार नव्हती. पण म्हाताराच बोलला. अगदी साध्या आवाजात.

"सूनबाई, तू घातलंस का गं?"

तिने मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या हाताच्या फडक्यांकडे बघत होता. तिला आधी राग आला. मग तिने त्याचे हात पाहिले. त्यांत तेलाची डबी होती, धोतराच्या घोळात घट्ट धरलेली. सकाळी नदीच्या मधोमधसुद्धा तो इतका घाबरला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "वाजत होता म्हणून."

"अक्कल आहे का बाई?" मिस्त्री म्हणाला. "नवऱ्याला विचारायचं तरी."

"चुकलं."

नावाडी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर बापाच्या धोतरावर गेली. मांडीजवळ तेलाचे बोटांचे डाग होते, जुन्यावर नवे. तो पुन्हा खाली बसला. त्याने एक खडा उचलला आणि या बोटांतून त्या बोटांत फिरवला.

"झाकण असतं तर कुणाचा हातच पोचला नसता तिथं," तो शेवटी म्हणाला. "ते मी काढलं. तिला बोलू नकोस."

"मी तेव्हाच म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. मी ऐकलं नाही."

"आता ऐक. नवा पट्टा, दुसऱ्या भंगारातले वॉल्व्ह, जमेल मला. पण दोन्ही झाकणं बसल्याशिवाय मी किल्लीला हात लावणार नाही. आणि त्यासाठी ती तुळई..."

"काप," म्हातारा म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं. "पडू दे खाच. बाजूने पट्टी मार, म्हणजे झालं." आणि तो उठून घराकडे चालू लागला. तेलाची डबी त्याने तिथेच ठेवली.

संध्याकाळी सून चुलीपाशी बसली होती. जखमी हातांनी तिला भाकरी थापता येत नव्हती म्हणून नावाडीच पीठ मळत होता आणि ते त्याला साधत नव्हतं.

"खोटं का बोललीस?" त्याने पिठाकडे बघत विचारलं.

"घाबरले होते ते."

"आणि तू?"

"मी रोजच घाबरते," ती म्हणाली. "मला सवय आहे."

त्याने पिठात आणखी थोडं पाणी घातलं. मग म्हणाला, "मी पण घाबरलो होतो."

"दिसलं मला."

नाव पुन्हा पाण्यात गेली, तेव्हा नदी उतरली होती. झाकणं जागेवर होती, तुळईच्या दोन्ही अंगांना नव्या लाकडाच्या पट्ट्या मारल्या होत्या, आणि इंजिन बघायला गेलं तर बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. बायका चढल्या. मुकादमीण म्हणाली, "आज कोण कुणाला धरतंय बघू." कोणी फारसं हसलं नाही.

म्हातारा काठावर उभा होता. येतो की नाही, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या शेवटी तो चढला. इंजिनापाशी त्याची नेहमीची जागा रिकामी होती. तिथे तो थांबला नाही. बायकांचे पाय ओलांडत, त्यांच्या खांद्यांचा आधार घेत पुढच्या टोकाला आला आणि सुनेच्या शेजारी बसला. तिने जरा सरकून जागा केली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती आणि तो तेवढंही बोलत नव्हता.

इंजिन सुरू झालं. काठ मागे पडला. पाणी अजून तांबडं होतं. मधोमध आल्यावर नाव जराशी हलली, रोज हलते तेवढीच. म्हाताऱ्याने एकदम तिचं मनगट धरलं. ज्या माणसाचा जन्म या पाण्यावर गेला त्याची बोटं थंड पडली होती.

"पोरी," तो तिच्या कानाशी म्हणाला, "मला आता पाण्याची भीती वाटते गं."

तिचे तळवे अजून ठणकत होते. तिने एक हात काठावरून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "आलाच काठ."

काठ अजून बराच लांब होता.